जेवणापाशी थांबलेला राजा

बाबा, काल रविवारच्या वर्गात मुलींना शौल राजाची गोष्ट सांगताना मी जेवणापाशी थांबले. इस्राएलचा तो पहिला राजा वेष पालटून, मेलेल्यांना बोलावणाऱ्या एका बाईच्या घरात शिरला होता, उद्या तू मरशील हे ऐकून जमिनीवर कोसळला होता, बाईनं त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं होतं आणि पुढ्यात ताट ठेवलं होतं. इथवर सगळं नीट आलं. पुढचं काही तोंडातून निघेना. मुली वाट बघत राहिल्या. शेवटी पुढे बसणारी, जिला गप्प बसणं ठाऊक नाही, ती म्हणाली, "मंग? जेवला का नाई थो?" मी म्हटलं, जेवला. "अन् मंग?" मी घंटा वाजवली. वर्ग सुटायला बराच वेळ होता, मुलींना आनंदच झाला. इतकी वर्षं शिकवते आहे, पण असं कधी झालं नव्हतं. म्हणून आज दुपारी दार लोटून कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला आठवतं. तरी लिहिते. तुम्हाला काही सांगायचं असलं की मी आधी मनात मांडून ठेवत असे, आणि मग मांडलेलं मोडून भलतंच बोलत असे. लिहिलं म्हणजे निदान मोडता येणार नाही.

मला आधी तुमचा आवाज आठवतो. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात तुम्ही मापारी होता. मोठ्या काट्याला कापसाची गठडी टांगली जायची, तुम्ही दांडीवर हात ठेवायचात आणि पहिल्या वजनाला, एक न म्हणता, "लाभ" म्हणायचात. सगळेच मापारी तसं म्हणत, पण तुमचा लाभ पार निंबांच्या रांगेपलीकडे ऐकू जायचा. ते दिवस असे होते की बाजारात पाय ठेवायला जागा नसे. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई चालली आहे, म्हणून आपल्या कापसाला सोनं चिकटलं आहे, एवढंच मला कळत होतं. कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून आणल्या, तर पोरं तिच्यामागून नाल्यापर्यंत पळत गेली. रुईचे पुंजके सगळ्यांच्या घरात उडायचे, आपल्या कोंबड्या रुईवर अंडी घालायच्या आणि माय म्हणायची, "कोंबड्याबी मोठ्या घरच्या झाल्या."

आणि त्या बाजारात ते होते, ज्यांना सारे राजे म्हणत. अडत्याचं काम करायचे. उंच इतके, की गर्दीत पागोटं आधी दिसायचं. बाकीच्यांची डोकी त्यांच्या खांद्याला लागायची. मी त्यांना घाबरायची, पण मायनं मला त्यांची गोष्ट सांगितली होती. मी तीन वर्षांची असताना पटकीची साथ आली. माय मरणाला टेकली, आणि पाद्रीसाहेबांनी तिची घाण स्वतः काढली. त्यानंतर तुम्ही बाप्तिस्मा घेतला. घेऊन बाजारात परत गेलात, तर तुमच्या काट्यावर कोणी कापूस लावेना. तीन दिवस तुम्ही रिकाम्या साखळीपाशी उभे होता. चौथ्या दिवशी राजे आले, सगळ्यांदेखत म्हणाले, "लोखंड बाटते का रे कुठी? लाव माही गाडी पयली." गाडी लागली, तुम्ही लाभ म्हणालात, आणि दुपारपर्यंत काट्यापुढे रांग. माय हे सांगताना दर वेळी डोळे पुसायची. तुम्ही कधी सांगितलं नाही. मात्र रोज सकाळी काट्याला हात लावण्याआधी राजे बसत त्या गादीकडे एकदा पाहायचात, ते मी बघितलं आहे.

पाद्रीसाहेबांनी तुमचा तोच आवाज बाजारात ऐकला आणि तुम्हाला गोष्ट सांगायला लावलं. कीर्तनासारखी, खंजिरीवर, गावोगावी बाजारच्या दिवशी. ते वाचून दाखवायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, आणि दोनदा ऐकलं की झालं. घरी येऊन स्वयंपाकघरात बसून ते घोकायचात. माय परातीत भाकर थापत असायची, तिच्या हाताच्या ठेक्यावर तुमचे शब्द चालायचे. माय भाकर तव्यावर टाकायला थांबली की तुम्हीही थांबायचात. म्हणून तुमच्या गोष्टीत थांबायच्या जागा तिथंच असत, जिथं तिच्या भाकरी पुऱ्या होत. मी चुलीपाशी बसून सगळं पाठ करायची. कोणी सांगितलं नव्हतं. शौलाची गोष्ट तर मला तुमच्याआधी पाठ झाली.

ती गोष्ट मायला मात्र पटली नव्हती. देवानं शौलाला हुकूम दिला होता की एका शत्रूचं काही शिल्लक ठेवू नकोस, माणूस नको, जनावर नको. आणि शौलानं शत्रूच्या राजाला जिवंत सोडलं, तिथून त्याची पडती सुरू झाली. माय भाकर थापता थापता म्हणाली, "म्हंजे, एकाचा जीव ठेवला म्हून देव कोपला?" तुम्ही म्हणालात, "साहेब म्हंतात, हुकूम मोडला म्हून कोपला." माय म्हणाली, "हुकूम मोडाले काई कारन रायत असन का नाई मानसाले," आणि भाकर उलथली.

पहिल्यांदा ती गोष्ट तुम्ही अकोल्यात सांगितली, मोर्णेच्या काठी. आपण सगळे साहेबांच्या दोन बैलगाड्यांतून गेलो होतो. गोष्ट चढत गेली, माणसं सरकत सरकत जवळ आली. मग ती बाई उपाशी राजासाठी घरातलं पोसलेलं वासरू कापते, तिथं तुम्ही आलात. पोथीत तसंच आहे, तुम्ही तसंच सांगितलं. आधी एक बाई पदर सावरून उठली. मग तिच्या मागची. बघता बघता वाळूवर आपण, साहेब आणि एक म्हातारा उरलो. म्हातारा काठी टेकत तुमच्याजवळ आला आणि म्हणाला, "कथा बरी होती, बुवा. पन तुमी जेवाच्या वक्ताले आमाले पंगतीतून उठोलं." साहेबांना काय झालं ते कळलंच नाही. ते विचारत राहिले, "राजा अजून मेला नाही, लोक का गेले?"

परतीच्या वाटेवर तुम्हा दोघांचं भांडण झालं, तितकं मोठं मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही म्हणत होता, भाकर म्हणू द्या, भाकर आणि अंबाडीची भाजी. उपाशी माणसाला बाई जे आहे ते घालते. साहेब म्हणत होते, देवाच्या पुस्तकात भाजी नाही. दुसऱ्या मुक्कामाला ते जरा थंड झाले. म्हणाले, बरं, भाकर म्हण. पण मग राजाचं मरण पूर्ण सांगायचं. तो कसा हरला, आपल्याच तलवारीवर कसा पडला, शत्रूंनी त्याचं धड भिंतीवर कसं टांगलं, सगळं. आणि शेवटी म्हणायचं की हुकूम मोडणाऱ्याचा शेवट हा असा होतो. लोकांनी तेवढं घरी न्यायचं. "तुझा शब्द दे." तुम्ही दिलात. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नागपूरकडच्या ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेसाठी माझं नाव कधीपासून त्यांच्या मनात होतं, पण चिठ्ठी लिहीत नव्हते. म्हणाले, "अमरावतीस ही गोष्ट नीट झाली, की मुलीची चिठ्ठी." शब्दाचा माणूस आहे की नाही ते त्यांना बघायचं होतं, एवढंच. ते दुष्ट नव्हते, बाबा. मायची घाण काढणारा माणूस दुष्ट नसतो.

ती शाळा मला किती हवी होती, हे तुम्हाला माहीत होतं. आपल्या जुन्या माणसांत मला कोणी करून घेणार नव्हतं, नव्यांत आपण चारच घरं. माय म्हणायची, "इथं ठिवून हिचं काय करता? लोनचं?" आणि मला तर साहेबांच्या टेबलावरचं पुस्तक उघडून त्यातलं ते काळं काळं स्वतः ओळखायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

मग लढाई संपल्याची बातमी आली. मला वाटलं लढाई संपली म्हणजे चांगलं झालं. चैत्रात बाजार असा पडला की माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. राजे सगळ्यात उंच होते, तेच सगळ्यात आधी पडले. गादी गेली, घोडी गेली, दोन मुलगे बायकांना घेऊन सासुरवाडीला गेले. तरी ते रोज धुतलेलं पागोटं घालून बाजारात येत आणि गादीच्या मोकळ्या जागेपाशी उभे राहत. लोक लांबून जात.

तुमची गोष्ट ठरली होती त्या दिवशी सकाळी मी तुमची शिदोरी घेऊन बाजारात आले. काट्याची साखळी नुसती लोंबत होती. तुम्ही उकिडवे बसला होता आणि समोर राजे. इतक्या जवळून मी त्यांना प्रथमच पाहत होते. कमरेला चांदीच्या मुठीची कट्यार होती. मुलाच्या वरातीत मिरवायला घेतलेली ती, बाजारात कधी कोणी त्यांच्या कमरेला बघितली नव्हती.

"आज तुहा राजा मरते म्हने," ते म्हणाले.

"गोष्ट हाय, राजे."

"मले राजे म्हनू नको. कसा मरते थो?"

तुम्ही खाली पाहिलंत. आणि मी, मला तर सगळं पाठ होतं, मी शिदोरी हातात धरून म्हणाले, "आपल्याच तलवारीवर पडते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. राजेंनीही. "अस्सं. कोनी मारत नाई त्याले?"

"थो म्हनते मार. पन त्याचं हत्यार धरनारा मारत नाई. त्याले भेव वाटते."

"पोट्टी हुशार हाय तुही," राजे तुम्हाला म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला आजही नको वाटतं. उठताना त्यांनी कट्यारीवर हात ठेवला, जसा आपण कोणाच्या डोक्यावर ठेवतो. "येतो मी पाहाले. शेवटलोक बसतो आज."

तुम्ही मला रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. शिदोरी सोडलीही नाहीत. साखळीचा एक एक दुवा बोटानं चाचपत बसलात. मी विचारलं, "बाबा, तुमी राजा मारान ना? शाळा हाय माही." तुम्ही म्हणालात, "घरी जाय."

चार वाजता निंबांखाली माणसं जमली. ऊन उतरलं होतं पण धूळ तापलेलीच होती. साहेब खुर्चीवर, माय आणि मी बाजूला, राजे सगळ्यांच्या मागे, झाडाला टेकून. ते बसले होते तरी त्यांचं पागोटं सगळ्यांच्या वर दिसत होतं. मी सारखी मागे वळून बघत होते. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. खंजिरी घेतलीत आणि सुरुवात केलीत, आणि बाबा, इतकी वर्षं लोटली, मी पुष्कळ मोठमोठी माणसं बोलताना ऐकली, पण त्या दिवशीसारखं कोणाचं ऐकलं नाही. सगळ्यांहून उंच तो पोरगा गाढवं शोधायला निघतो आणि राजा होतो. लोक हसतात. मग तो हुकूम. मग देव त्याच्याशी बोलणं सोडतो. तुम्ही आवाज इतका खाली नेलात की मागचे लोक पुढे झुकले, आणि राजेही झुकले.

एवढ्यात छावणीकडून एक माणूस धावत आला. कोणी तरी शेवटच्या घटका मोजत होतं, पाद्री हवा होता. साहेब उठले. त्यांना जायचं नव्हतं, ते दिसत होतं. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि वाकून म्हणाले, "तुला सर्व पाठ आहे. तू खोटे बोलत नाहीस. उद्या सकाळी येऊन मला सांग, बाबाने शेवट कसा सांगितला." आणि घोड्यावर बसून गेले.

तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत. त्यांनी मला काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तर, असं मी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. तरी तुम्ही तेच केलं असतंत असं वाटतं.

राजा वेष पालटून त्या बाईकडे जातो. मेलेला संदेष्टा वर येतो आणि सांगतो, उद्या तू आणि तुझी पोरं माझ्याजवळ असाल. राजा उभा आडवा जमिनीवर पडतो. दिवसभराचा, रातभराचा उपाशी. बाई म्हणते, जेव. तो म्हणतो, मी जेवणार नाही. इथं अकोल्यात तुम्ही दोन वाक्यांत पुढे गेला होतात. त्या दिवशी तुम्ही पुढे गेलाच नाहीत. बाईनं चूल पेटवली. लाकडं ओली होती, फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. तिनं पीठ घेतलं. ज्वारीचं पीठ, रात्रीच दळलेलं. पाणी तापवलं. मळलं. आणि तुम्ही खंजिरी बडवायची सोडून तळहातानं नुसती थापायला लागलात, आपल्या परातीचा तो आवाज, आणि मायनं माझा हात घट्ट धरला. बाई भाकर थापते आणि राजाला बोलते. तुले मी घाबरली होती, तरी तुहं आयकलं. आता तू माहं आयक. उद्याचं उद्या पाहू. आज माह्या घरून उपाशी कोनी गेला नाई. पहिली भाकर झाली. दुसरी झाली. कोणी हललं नाही. मी मागे पाहिलं, तर राजेंचा हात कट्यारीवरून निघून गुडघ्यावर आला होता.

मग तुम्ही म्हणालात, "राजानं घास घेतला." आणि थांबलात. लोक पुढच्याची वाट बघू लागले. मीही बघत होते, मनातल्या मनात तुमच्या तोंडात पुढचे शब्द घालत होते: मग तो उठला आणि त्याच रात्री निघून गेला. बोला ना, बाबा. तुम्ही खंजिरी उलटी जमिनीवर ठेवलीत.

"राजा जेवून राह्यला," तुम्ही म्हणालात. "जेवत्या मानसाले उठवाचं नाई. एवढंच हाय आज."

"अबे, लढाई कुठी हाय?" कोणी तरी ओरडलं. "आमी लढाईसाठी बसलो ना बे." दुसरा म्हणाला, "बुवाले भूक लागली असन." हशा झाला, शिव्याही झाल्या. तुम्ही त्या गर्दीतून सरळ मागे गेलात, झाडापाशी उभे राहिलात आणि म्हणालात, "चाला, राजे. घरी भाकर हाय."

त्यांनी हात पुढे केला, आणि तुम्ही त्यांना उठवलंत.

घरी मायनं मला मागच्या दारी ओढलं. "त्यायले आपल्या घरचं चालते का? उद्या त्यायचे लोक काय म्हंतीन?" बाहेरून राजेंचाच आवाज आला, "लोक कुठी हायेत आता, बाई? वाढ. भूक लागली मले." मायनं चूल पेटवली. लाकडं खरंच ओली निघाली. राजे ओसरीवर मांडी घालून जेवले, अंबाडीची भाजी आणि तीन भाकरी. तिसरीला म्हणाले, "मीठ कमी हाय." माय पदराआडून म्हणाली, "राजाच्या घरी जास्त खात असान." ते घास हातात धरून हसले, आणि ते हसणं सकाळच्यासारखं नव्हतं. उठताना कमरेची कट्यार काढून त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवली. "अंबाडी चिराले घे," मायला म्हणाले. नांदगावला त्यांची बहीण राहत होती. तुम्ही त्यांना त्या वाटेपर्यंत पोचवायला गेलात आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आलात.

आल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. मी निजले असं समजून मायला म्हणालात, "पोरीची शाळा घालोली मी." मायनं चुलीतले निखारे राखेनं झाकले. तुम्ही पुन्हा म्हणालात, "शब्द देला होता." तुमचा तो एवढा मोठा आवाज, आणि मला तो कान देऊन ऐकावा लागला.

सकाळी तुम्ही उठायच्या आत मी साहेबांकडे गेले. आता ते सांगते. साहेब रात्रभर जागलेले होते, काळा चहा पीत होते. टेबलावर ते पुस्तक होतं. म्हणाले, "सांग. राजा मेला का?" मी म्हणाले, "मेला." ते म्हणाले, "सर्व सांग. काही सोडू नको."

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, तुम्ही स्वयंपाकघरात घोकत होता तसं, तुमच्या आवाजात, थांबायच्या जागी थांबून. राजा उठून निघून जातो. डोंगरावर लढाई. तीन पोरं पडतात. बाण लागतो. मार म्हणतो, हत्यार धरणारा मारत नाही. तो तलवारीवर पडतो. मग भिंत. मग ज्या गावाला त्यानं कधी काळी वाचवलं होतं, तिथली माणसं रातभर चालत येतात, त्याला भिंतीवरून उतरवतात आणि एका झाडाखाली पुरतात. तुम्ही नुसतं झाड म्हणायचात. मी बाभूळ म्हणाले. म्हणाले, त्यांनी डोक्याची फडकी काढून बाभळीच्या काट्यांना अडकवली आणि सात दिवस उपाशी बसले.

साहेबांनी मान वर केली. "बाभूळ? पुस्तकात बाभूळ नाही. बाबा बाभूळ म्हणाला?"

साहेबांचे डोळे निळे होते आणि ते माझ्यावरून हलत नव्हते. बाहेर घोडा खूर आपटत होता. मी म्हणाले, "व्हय." आणि मग, त्यांनी विचारायच्या आत, "हुकूम मोडणाऱ्याचा शेवट हा असा होतो," हेही म्हणून टाकलं.

साहेबांनी डोळे पुसले. मग दौत पुढे ओढली.

चिठ्ठी त्यांनी माझ्याच हाती दिली. पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली आणि तुमचं त्यांचं त्या दिवसाबद्दल बोलणं कधी झालंच नाही. तुम्ही लाजेनं त्यांच्यासमोर उभे राहिला नाहीत. चिठ्ठी बघून तुम्ही इतकंच म्हणालात, "त्यायनं मले माफ केलं." गाडी नांदगावावरून धामणगावाकडे निघाली तेव्हा रस्त्याकडेच्या वावरात एक उंच माणूस तिफणीमागे चालत होता. गाडीवानानं हाक दिली, त्यानं हात वर केला. मी मागे वळून वळून पाहत राहिले.

साहेबांनी माफ केलं, हे तुम्ही मरेपर्यंत धरून बसलात. एका सुट्टीत मी फुटलेल्या पाटीबद्दल मायशी खोटं बोलले, तेव्हा तुम्ही मला ओसरीवर उभं केलंत. म्हणालात, "एका खऱ्या मानसानं तुले शाळा देली. त्याच्या नावाले तरी जाग." मी तासभर उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. तुमच्या शेवटच्या आजारपणात, तुम्ही ही खंजिरी माझ्या मांडीवर ठेवलीत तेव्हाही. तिची एक झांज तेव्हाच गळालेली होती. खंजिरी इथं कागदावर ठेवली आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

तुम्ही पुढे पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण शौलाचं मरण कधीच कोणापुढे सांगितलं नाहीत. म्हणजे तुमच्या आवाजात त्या राजाला शेवटपर्यंत नेलं ते फक्त मी, एकदा, बंद खोलीत. खोटं बोलले हे मी पाद्र्यापुढच्या पापनिवेदनात कधी सांगितलं नाही, कारण पुन्हा तसं करणार नाही असं म्हणावं लागतं. पण आज लिहायला बसले ती त्यासाठीही नाही. हा कागद घडी करून खंजिरीखाली राहील. वाचून दाखवेल असं तुमच्याजवळ कोणी असेल, असं मी मानत नाही. मला काल वर्गात जे म्हणता आलं नाही ते इतकंच होतं. त्या सकाळी साहेबांसमोर, भीत भीत सांगत असताना, बाभळीपाशी आले तेव्हा मला शाळेची आठवण नव्हती, राजेंची नव्हती, तुमचीही नव्हती. मला सांगताना आवडत होतं. बाबा, मी फार छान सांगितलं होतं. तुमच्याहून छान.